पाठमोरा ठेका

एकदा एका नदीकाठच्या गावी पखवाज शिकवणारे एक वृद्ध गुरुजी राहत असत. त्यांची शिकवण्याची रीत जगावेगळी होती. शिष्य वाजवायला बसला, की गुरुजी त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करत आणि वादन संपेपर्यंत तसेच बसून राहत. बोल चुकला तरी मान हलायची नाही, साधला तरी हलायची नाही. हात थांबल्यावर ते वळायचे, सांगायचे ते मोजक्या शब्दांत सांगायचे. त्यांचा सर्वांत जुना शिष्य आता चांगला संसारी माणूस झाला होता, पण ही पाठ त्याच्या मनाला अजून लागत असे. आपले हात गुरुजींना बघवत नाहीत, अशी त्याची समजूत होती. विचारायचे मात्र धाडस कधी झाले नाही.

या शिष्याला पखवाजाच्या खालोखाल वेड होते ते बास्केटबॉलचे. खरे तर क्रम उलटा असावा, पण ही गोष्ट त्याने गुरुजींच्या कानावर जाऊ दिली नव्हती.

गावात शाळेमागे बास्केटबॉलचे सिमेंटचे मैदान होते आणि दोन्ही बाजूंना बसायला पायऱ्या. फार वर्षांपूर्वी गावच्या संघाने राज्याचे अजिंक्यपद जिंकून आणले होते, आणि गाव अजून त्याच दिवसात जगत होते म्हणा ना! त्या संघातले वीर आता पोट सुटून पहिल्या रांगेत खुर्च्या टाकून बसत. त्यांचे म्होरके मोतीलाल शेठ, तेलाचे व्यापारी. तेव्हाचे कर्णधार, आताचे संघाचे पोशिंदे. पोरांचे बूट, प्रवास, जेवण सारे त्यांच्याकडून येई, त्यामुळे त्यांचे मतही जरा मोठ्या आवाजात येई.

आताचा संघ मात्र हरत होता. एखादा सामना जिंकावा, लोकांनी पेढ्यांची भाषा सुरू करावी आणि पुढचे सामने ओळीने हरावेत, असे चालले होते. ही पोरे या शिष्यानेच गल्लीबोळांतून शोधून मैदानावर आणली होती. सायकली दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा केवल कर्णधार झाला, तेव्हा त्याच्या आईने शिष्याच्या घरी नारळ आणून दिला होता. त्यामुळे संघ हरला की गावाला वाईट वाटे आणि शिष्याला अपराध्यासारखे वाटे.

गावच्या प्रेक्षकांची एक खास पद्धत होती. बास्केट झाली की ताशा कडाडे. फेक हुकली की सगळ्या पायऱ्यांवरून एका सुरात ‘अरेरेरे’ उठे आणि पहिल्या रांगेतले सारे हात एकदम कपाळावर जात. आमचे प्रेक्षक जाणकार आहेत, असे गाव अभिमानाने सांगे.

सामना संपल्यावर हेच जाणकार चहाच्या टपरीवर दोन तट करून भांडत.

“या पोरांत दमच नाही. आणखी किती वर्षं वाट बघायची?”

“अहो, वयं काय त्यांची! दोन पावसाळे थांबा, मग बघा.”

“मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतास तू!”

शिष्य दोन्ही तटांत असे. सकाळी तो आशावादी तटाचा पुढारी, हरून आल्यावर वैतागलेल्यांचा.

अखेर मोतीलाल शेठनी निकाल दिला. मोसमाचा शेवटचा सामना हरला, तर संघ खालच्या गटात जाणार होता. शेठ म्हणाले, “तसं झालं, तर ही पोरं घरी जातील. पुढच्या वर्षी मी बाहेरून तयार खेळाडू आणीन. आता मला सोसवत नाही.” आणि पोरांना ही बातमी सांगायचे काम त्यांनी शिष्यावर टाकले, कारण पोरे त्याची होती.

शिष्य तसाच गुरुजींकडे गेला आणि प्रथमच मनातले सगळे बोलून गेला. “काय करू गुरुजी? आशा धरावी तर फजिती होते, सोडावी तर ही पोरं डोळ्यांपुढे येतात.”

गुरुजींनी विचारले, “शेवटच्या आधी एखादा सामना आहे का?”

“परवा आहे.”

“मला घेऊन चल.”

त्या दिवशी गुरुजी मैदानावर आले, तेव्हा शेठनी अदबीने आपली खुर्ची पुढे केली. गुरुजींनी नमस्कार केला आणि काठी टेकत मैदानाला वळसा घालून ते समोरच्या पायऱ्यांवर, थेट पाहुण्या संघाच्या माणसांत जाऊन बसले. शिष्याला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. “तुमचे गुरुजी फितूर झाले की काय?” शेठनी विचारले, आणि पहिली रांग खो खो हसली. थोड्या वेळाने संघ सपाटून हरला आणि हसू मावळले.

घरी परतताना शिष्याने न राहवून विचारले, “गुरुजी, आमच्यात का नाही बसलात?”

“तुमच्यात बसून तुम्हाला जे दिसतं तेच दिसलं असतं,” गुरुजी म्हणाले. “तिकडून मला तुमच्या पोरांच्या माना दिसल्या. चेंडू हातातून सुटला, की प्रत्येकाची मान तुमच्या पायऱ्यांकडे वळते. शाबासकी मिळाली की शिव्या, ते पोर बघून घेतं. तेवढ्या अवधीत समोरचा गडी धावत सुटलेला असतो.”

“पण आम्हाला हे कधी जाणवलं नाही.”

“कसं जाणवेल? तुम्हाला त्यांचे चेहरे दिसतात. आपल्याकडे बघणारा माणूस आपल्याला गोडच वाटतो, त्याचं चेंडूकडे बघायचं राहिलं हे सुचत नाही. तुमच्यातले काही वैतागलेत, काही आशेवर आहेत. पण दोघांचेही डोळे सारखे निकाल सुनावत असतात, आणि पोरांचा अर्धा जीव तो निकाल वाचण्यात जातो.”

“म्हणजे आशाच धरू नये?”

“धर ना! खुशाल धर. ती ठेक्यासारखी धर. गाणाऱ्याचा सूर लागला म्हणून ठेका नाचत नाही आणि घसरला म्हणून रुसत नाही. तो चालू राहतो, म्हणून गाणारा परत येऊ शकतो.”

शेवटच्या सामन्याच्या दिवशी शिष्याने पायऱ्यांवर सगळ्यांना हात जोडून विनंती केली. आज ताशा नको, अरेरे नको. पखवाजाचा एकच साधा ठेका चालेल, त्यावर सगळ्यांनी टाळी धरायची आणि काहीही झाले तरी ती बदलायची नाही.

“म्हणजे बास्केट झाली तरी ओरडायचं नाही?” शेठ उसळले. “सामना आहे का शोकसभा?”

“शोकसभेत टाळ्या नसतात, शेठ. आज एक दिवस ऐका माझं.”

शेठनी ताशेवाल्याला खाली बसायची खूण केली. “ऐकतो. पण हरलो, तर माझा शब्द तोच.”

शिष्याने पखवाज मांडीपुढे घेतला, तेव्हा आज शेजारीच बसलेले गुरुजी हळूच म्हणाले, “मैदानाकडे पाठ करून बस.”

शिष्याचा चेहरा पडला. “गुरुजी, आजचा सामना मी बघायचाच नाही?”

“तुला दिसलं, तर तुझा हात सांगून टाकेल.”

आणि गावातला सर्वांत वेडा प्रेक्षक गावच्या सर्वांत मोठ्या सामन्याला पाठ करून बसला. समोर त्याला फक्त माणसे दिसत होती. कोणी ओठ चावत होते, कोणी डोळे मिटून टाळी धरत होते. मोतीलाल शेठचा हात सवयीने कपाळाकडे जाई, अर्ध्यावर थबके आणि परत टाळीला येई. थोड्या वेळाने त्यांनी तोंडात रुमालच कोंबला.

मैदानावर काय चालले आहे, ते शिष्याला कानांनी कळू लागले. आरंभी तीच जुनी चूक ऐकू येत होती. चेंडू रिंगवर आदळे आणि पाठोपाठ आपल्या पोरांच्या बुटांचा आवाज क्षणभर थांबे. माना वळत असणार. पण पायऱ्यांवर वाचण्यासारखे काहीच नव्हते. तीच टाळी, तोच ठेका. मध्यंतरापर्यंत तो खंड आखूड झाला. पुढे पुढे तर शिष्याने कान देऊन शोधला, तरी तो सापडेना. चेंडू आदळे आणि बूट धावतच राहत. इतक्या वर्षांत हा आवाज त्याने या मैदानावर ऐकला नव्हता. त्याच्या अंगावर काटा आला, पण त्याने ठेका ढळू दिला नाही.

सामना अगदी अटीतटीला आला. लोकांच्या पुटपुटण्यावरून शिष्याला कळले की आपण एका बास्केटने मागे आहोत आणि वेळ संपत आली आहे. चेंडू आपटत आला. बूट करकरले. पायऱ्यांवरच्या माणसांनी श्वास रोखला. चेंडू सुटला आणि रिंगच्या लोखंडावर ठणकन आदळला.

हुकला! शिष्याचा हात आखडला. केवलच्या आईचा नारळ, शेठचा शब्द, घरी परत जाणारी पोरे, सारे एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून गेले. त्याच क्षणी ठेक्याची पुढची मात्रा आली आणि त्याने ती वाजवली. टाळी चुकली नाही. कोणीतरी धावत होते, उडी मारत होते, धापा टाकत होते. मग चेंडू आणखी एकदा सुटला, जाळी सळसळली आणि पंच काहीतरी ओरडला. ती फेक रेषेबाहेरून होती, तिचे गुण दोनाऐवजी तीन! तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली.

मग कसला ठेका आणि कसली टाळी! मोतीलाल शेठनी रुमाल तोंडातून काढून आकाशात भिरकावला आणि अवघ्या देहानिशी उडी मारली. पायऱ्या मैदानात उतरल्या. ज्या दोन तटांनी वर्षभर एकमेकांचे डोके खाल्ले, ते एकमेकांना कडकडून भेटू लागले. शिष्य एकटा पखवाज वाजवतच होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता बास. आता वळ.”

तो वळला. त्याची पोरे लोकांच्या खांद्यांवर होती आणि केवलची आई गर्दीत शिरून मुलाच्या बुटाला हात लावू पाहत होती.

शेठनी केवलला खाली उतरवून विचारले, “ती आधीची फेक हुकली, तेव्हा काय वाटलं रे?”

“वाटायला वेळच कुठे होता, शेठ?” केवल धापा टाकत म्हणाला. “चेंडू बोर्डाखालीच होता ना. मी उचलला, आपटत रेषेमागे आलो आणि परत फेकला.”

शेठनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाले, “बाहेरून कोणी येत नाही. हीच पोरं खेळतील. जिंकोत नाहीतर हरोत.” आणि गावाने पुन्हा एकदा त्यांच्या नावाचा जयजयकार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य नेहमीप्रमाणे शिकायला आला. पखवाज पुढे ओढला. गुरुजी नेहमीप्रमाणे उठले आणि भिंतीकडे तोंड करून बसू लागले. आज मात्र शिष्याने धीर केला.

“गुरुजी, इतक्या वर्षांत तुम्हाला माझे हात बघावेसे नाही वाटले?”

गुरुजी पाठमोरेच थांबले. म्हणाले, “फार वाटलं.”

 शिष्याने डोळे पुसले आणि वाजवायला सुरुवात केली. वाजवता वाजवता प्रथमच त्याच्या ध्यानात आले की गुरुजींच्या उजव्या हाताचे एक बोट गुडघ्यावर ठेका धरून आहे. ते बोट पहिल्या दिवसापासून तिथेच होते.