उंबराला फूल आलं

आबासाहेब इनामदारांचा शब्द म्हणजे गावचा कायदा, आणि त्यांची धाकटी सून मथुरा तर स्वतःच्याच शब्दाला घाबरणारी. बाळ रांगायला लागलं, तरी अंथरुणाला खिळलेल्या तिच्या आईनं ते पाहिलं नव्हतं. बाळाला थोपटताना तिला आईचाच हात आठवे. शेवटी तिनं भरल्या ओसरीवर विचारलंच, "मामंजी, माहेरी जाऊन येऊ?"

आबासाहेब मिशीत हसले. "जा की! विहिरीवरच्या उंबराला फूल आलं, की त्याच दिवशी गाडी जुंपतो. दिला शब्द!"

ओसरी खदखदून हसली. उंबराचं फूल आजवर कुणी पाहिलंय?

मथुरा बाळाला कडेवर घेऊन विहिरीवर गेली. शाळेत शिकलेलं नीट आठवतंय ना, ही धाकधूक होतीच. परत येऊन तिनं एक कच्चं उंबर सासऱ्यांसमोर फोडलं. आत इवल्या फुलांची दाटी होती.

"हे कसलं फूल? फूल असतं तर बाहेर दिसलं असतं!" आबासाहेब गुरगुरले.

"उंबर आतच फुलतं, मामंजी," मथुरा खाली मान घालून म्हणाली. "माहेरची ओढ तरी कुठं बाहेर दिसते?"

आबासाहेबांनी ते उंबर बराच वेळ न्याहाळलं. मग गड्याला हाक मारली, "बैल सोड रे, गाडी जुंपायचीय."