गिरजाच्या सुताचा गुंडा

माणदेशातल्या हिंगणवाडीत चिंतोबा महाराजांचा मुक्काम मारुतीच्या देवळात असे. अंगावरची एक घोंगडी, एवढाच त्यांचा संसार. तीही पार विरली होती, म्हणून मायाप्पा सनगराने थंडीआधी नवी विणून देण्याचा शब्द दिला होता. त्याची बायको गिरजा लोकर कातून सूत काढी आणि मायाप्पा मागावर विणी. घोंगडी अर्धी झाली आणि तीन दिवसांच्या तापात गिरजा गेली.

भक्तहो, सात महिने तो माग तसाच उभा होता. मायाप्पा रोज देवळात येई, महाराजांसमोर बसे आणि मुकाट्याने डोळे पुशी.

गदाधरशास्त्र्यांना ते खुपे. शास्त्रीबुवा मोठे विद्वान, पण विद्वत्ता अंमळ डोक्यात गेलेली. तीन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक यमुना बाळंतपणात गेली, तेव्हा त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. पुराण सांगताना ते हे आवर्जून सांगत.

एके सकाळी सगळ्यांदेखत ते म्हणाले, "मायाप्पा, आत्मा मरत नाही एवढंही तुला कळू नये? महाराजांच्या पायाशी बसतोस आणि बायकोसाठी रडतोस. ही कसली भक्ती?"

मायाप्पाने मान खाली घातली. त्यालाही आतून हीच भीती खात होती. महाराजांना दिलेला शब्द राहिला होता, आणि देवाचं नाव घ्यायला बसावं तर आठवे गिरजाच.

महाराज म्हणाले, "घोंगडी कुठं अडली रे?"

मायाप्पाने कनवटीचा लिंबाएवढा गुंडा काढून दाखवला. "म्हाराज, तिच्या हातच्या सुताचा येवढाच ऱ्हायलाय. दुसऱ्याचं सूत लावाय हात धजत न्हाई. आन् ह्यो सपला, की गिरजा सपली."

शास्त्रीबुवा हसले. "एवढ्यात चार बोटंही व्हायची नाहीत. घोंगडी पुरी झाली, तर तुझ्या मागाच्या खड्ड्यात उतरून डोकं टेकीन."

महाराज उठले, मायाप्पाच्या घरी गेले आणि मागापाशी बसले. "विण," ते म्हणाले, "आणि विणता विणता गिरजाचं सांग. रडू आलं तर रड, पण हात थांबवू नकोस."

मायाप्पा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. सुताचा धोटा त्याने सरकवला. मग तो सांगू लागला. सूत तुटलं की गिरजा चरख्यालाच दटावायची. करपलेली भाकरी गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायची. एकदा भांडून माहेरी निघाली आणि ओढ्यापासून माघारी आली, का, तर सुताला लावायची चिंचोक्याची खळ चुलीवर राहिली होती! हे सांगताना मायाप्पा सात महिन्यांत पहिल्यांदा हसला आणि हसता हसता ढसढसा रडला.

दिवस मावळेपर्यंत हातभर घोंगडी वाढली, आणि गुंडा लिंबाएवढाच!

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा पाहायला आले. गुंडा हातात घेऊन उलटसुलट केला आणि खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी ते उंबऱ्यावरच बसून राहिले. मायाप्पा सांगत होता, ते ऐकत होते. दुपार कलली आणि शेवटचा काठ विणून झाला. मायाप्पाने घोंगडी उतरवून महाराजांपुढे ठेवली. वर गुंडा ठेवला. तो अजून तेवढाच होता. धन्य ते महाराज आणि धन्य त्यांची कृपा!

"म्हाराज," मायाप्पाने विचारलं, "मंग रडणं वंगाळ न्हवं?"

महाराज म्हणाले, "माणूस देवानंच दिलं होतं ना? मग त्याच्यासाठी डोळ्यांत आलेलं पाणी देवाला परकं कसं वाटेल? हा गुंडा तुझ्यापाशीच ठेव."

शास्त्रीबुवा उठले. उपरणं काढून ठेवलं आणि खड्ड्यात उतरले.

"ऱ्हाऊ द्या, बुवा," मायाप्पा संकोचून म्हणाला.

काठावर महाराजांचे पाय होते. शास्त्रीबुवांनी त्यांवर डोकं टेकलं, ते वर येईना. महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "शास्त्रीबुवा, आता यमुनेचं सांगा."

मग तसंच डोकं टेकलेलं असताना शास्त्रीबुवा म्हणाले, "तिला चिंचा फार आवडत. मी रागवायचो. मग ती चिंचोके माझ्या पोथीच्या फडक्यात लपवायची. महाराज, ते अजून तिथंच आहेत."