एकच गोटा

नद्यांना पूल ठाऊक नव्हते, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका नदीकाठी देऊळ होतं आणि भाविकांना पैलतीरावरून आणणारा एक म्हातारा नावाडी होता. देवळासमोरच्या उथळ पाण्यात बोटाएवढे पट्टेरी मासे राहत. दिवसभर डासांची पिल्लं खायची आणि गोट्यांच्या पोटाला अंडी चिकटवून त्यांची राखण करायची, ही त्यांची रीत. जगाच्या पाठीवर ते फक्त तिथेच होते. नावाड्याचा त्यांच्यावर भारी जीव.

लोकांचीही एक रीत होती. दर्शन झालं की नदीतला एक गोल गोटा उचलायचा आणि देव म्हणून घरी न्यायचा.

नावाडी सांगून सांगून थकला. "अहो, त्याच्या खाली अंडी असतात!"

"एका गोट्यानं काय होतंय, बाबा?" जो तो म्हणे आणि वर त्यालाच पापपुण्य शिकवे. म्हाताऱ्याचं डोकं उठे. हेच दगडाला सांगितलं असतं, तर एव्हाना त्याला पाझर फुटला असता.

होता होता नदीत नुसती वाळू उरली. डास माजले, गाव तापानं फणफणलं. तेव्हा कुठे लोक काठावर आले. "बाबा, मासे गेले कुठे?"

"तुमच्या देव्हाऱ्यात बसलेत!" नावाडी कडाडला. "जा, गोटे परत आणा आधी!"

लोकांनी टोपल्या भरभरून गोटे आणले, पाण्यात सोडले. धार आली आणि सगळे गोटे गडगडत पुढे गेले. नावाड्यानं कपाळावर हात मारला.

"हे असे टिकायचे नाहीत, बाबा," शेवटच्या उरलेल्या जोडीतली मासोळी म्हणाली. तिच्या पोटात अंडी होती. "धार अडवणारे तीन मोठे धोंडे होते इथे. त्यांच्या आडोशाला बाकीचे टिकायचे. ते गेल्यावर वाळूत घट्ट रुतलेले गोटे तेवढे तग धरून होते."

"ते कोणी नेले? नाव सांग, बघतोच त्याच्याकडे!"

"तुझी चूल कशावर आहे, बाबा?"

तरुणपणी तेच तीन धोंडे नावाड्यानं चुलीसाठी उचलून नेले होते. तीन धोंड्यांनी काय होतंय, असं तेव्हा त्यालाही वाटलं होतं.

तो घरी गेला. अर्धकच्चा भात खाली उतरवला, विस्तव विझवला आणि धोंडे निवल्यावर एकेक करून खांद्यावरून नदीत नेले. त्यांच्या आडोशाला गोटे थांबले. मासोळीनं अंडी घातली. पण नदी पुन्हा माशांनी भरायला इतकी वर्षं लागली, की ती पाहायला नावाडी उरला नाही.

तात्पर्य: 'एवढ्यानं काय होतंय' असं जो तो म्हणतो तेव्हाच सगळं होऊन बसतं, आणि त्या म्हणणाऱ्यांत आपणही असतो.