उघडे डोळे

माळाला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथल्या गवतात सशाचं एक पिल्लू दिवसभर एकटं बसून असे. शेजारच्या बिळात उंदरीण आपल्या बिनकेसांच्या, डोळे मिटलेल्या पिल्लांना पोटाशी धरून असे.

"सांजेला एकदा पाजायचं आणि निघून जायचं. कसली रे तुझी आई?" उंदरीण म्हणाली.

"डोळे आणि अंगावरची लव तिनं मला पोटातच दिली," पिल्लू म्हणालं. "आता ती जवळ राहिली, तर तिच्या वासानं कोल्हा येईल."

"सगळ्या सबबी!"

दुपारी कोल्हा आलाच. हुंगत हुंगत तो पिल्लापाशी पोचणार, तेवढ्यात लांबच्या झुडपातून आई उठली आणि मुद्दाम त्याच्यासमोरून धावली. कोल्हा तिच्या मागे लागला.

सांज झाली. पाजायला कोणी आलं नाही.

उंदरणीच्या पिल्लांना यातलं काहीच दिसलं नाही. सशाच्या पिल्लाचे डोळे मात्र जन्मापासून उघडे होते.