वाजवून घेतलेला पत्रा

एका बंदरात दाजी तांडेल नावाचा एक मासळीवाला होता. सुक्या मासळीचं मोठं गोदाम होतं त्याचं. गोदामाचं छप्पर जुनं झालं, तेव्हा नवा पत्रा कोणता घालायचा हा प्रश्न आला.

गोदाम सांभाळायची त्याची मुलगी, कुंदा. तिने वर्षभर आधीच पत्र्याचे तीन तुकडे जाळ्याच्या दोरीने धक्क्यावरच्या खांबाला टांगून ठेवले होते. एक लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला. एक रंगीत. एक ॲल्युमिनियमचा. खारा वारा कोणाला खातो ते बघायला.

"बा, चल, डोळ्यांनी बघ," ती म्हणाली. "लोखंडीला आत्ताच डाग पडलेत. रंगीताच्या कडा सुटल्यात. ॲल्युमिनियम घालू."

धक्का होता दोनशे पावलांवर. पण लेकीचं ऐकून चालत जायचं म्हणजे मिशी खाली येते ना! दाजी गेला थेट दुकानात आणि नारळ वाजवावा तसे पत्रे वाजवत बसला. लोखंडी ठण्ण वाजला.

"हाच खरा. ते ॲल्युमिनियम म्हणजे डब्याचं झाकण. चाळीस वर्षं खारा वारा खाल्लाय मी!"

"तू वारा खाल्लास, बा. पत्र्याला वारा खाणार आहे."

दुकानातली माणसं हसली. दाजीला झोंबलं. "एवढी अक्कल असेल तर जा, दुसऱ्याचं गोदाम सांभाळ."

ती गेली. तीन बंदरं पलीकडे.

दाजीने बोलावणं धाडलं नाही. मोठ्यांनी चूक कबूल करायची नसते, असं त्यांनीच ठरवून ठेवलंय. पण गोणी बांधताना तो मुद्दाम गाठ चुकवायचा. 'बा, ही गाठ आहे का गुंता?' असं कुंदासारखं कोणीतरी म्हणावं म्हणून. कोणी म्हणायचं नाही. मालक ना तो!

सातव्या पावसाळ्यात त्या लोखंडी छपराची चाळण झाली. बोंबील भिजले, जवळा कुजला. तेव्हा कुठे दाजी ती दोनशे पावलं चालला. खांबावर लोखंडी तुकडा उरलाच नव्हता. रंगीत अर्धा झडलेला. ॲल्युमिनियमचा तेवढा वाऱ्यावर हलत होता. त्यावर खिळ्याने कोरलं होतं, 'बा, बघ.'

सात वर्षं ते तिथंच होतं.

तो तुकडा काखेत मारून तो कुंदाच्या दारात उभा राहिला. तिने तुकडा पाहिला, मग त्याला पाहिलं.

"पत्र्याचं विचारायला आलास, बा, की मला न्यायला?"

'तुला' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण सात वर्षांत मिशी खाली आली नव्हती. दाजी म्हणाला, "पत्र्याचं."

कुंदाने माप, जाडी सगळं कागदावर लिहून दिलं. "स्क्रू लोखंडी लावू नकोस," एवढं बजावलं आणि ती आपल्या कामाला लागली.

आता छप्पर गळत नाही. त्याखाली दाजी गाठी चुकवत बसतो आणि दाराकडे बघतो.

तात्पर्य: वयाने मोठं असणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. चुकलेलं छप्पर बदलून मिळतं, पण ज्याला हाक मारायची त्याला वेळेवर मारली नाही, तर कोरड्या घरातही वाट बघत बसावं लागतं.