होडीवर नाव कुणाचं?

एका नदीकाठच्या गावात एक नावाडीण राहत होती. तिचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूध घेताना ती आधी बोट बुडवून बघायची आणि मग गवळ्याच्या तोंडाकडे बघायची. पण तिला नावं ठेवू नका बरं. जुनी होडी बुडाली तेव्हा तिचा नवरा तीत होता, आणि गावची बारा पोरं रोज पलीकडच्या शाळेत न्यायची ती तिलाच.

अखेर गावाला नवी होडी मिळाली. रंगवून वाळूवर ठेवली, आणि झालं, तिच्यावर नाव कुणाचं लिहायचं यावरून जुंपली. पाटील म्हणाले, राजदरबारी खेटे त्यांनी घातले म्हणून होडी मंजूर झाली. शेटजी म्हणाले, वखारवाल्याने लाकूड उधार दिलं ते त्यांच्या शब्दावर. गुरुजी तरी मागे कसे राहतील? सुताराला मोजमाप त्यांनीच शिकवलं होतं. सुतार मात्र पिंपळाखाली मान खाली घालून बसला होता.

नावाडीण आळीपाळीने तिघांची तोंडं न्याहाळत राहिली. एवढी ओढाताण चाललीय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटलं. आणि गप्प बसलेल्या सुताराचा तर तिला जास्तच संशय आला.

तिने पदर खोचला आणि गावची जुनी रीत काढली. होडी ज्याची म्हणायची, त्याने पहिल्या फेरीला आपली पोरंबाळं घेऊन बसायचं आणि मधल्या डोहापर्यंत जाऊन यायचं.

"बसा," ती म्हणाली. "जो बसेल त्याचं नाव लिहू."

पाटलांना एकदम आठवलं की नातवाला सर्दी झाली आहे. शेटजी म्हणाले, त्यांनी नुसता शब्द दिला होता, फळ्या कुठे पाहिल्या होत्या? गुरुजींच्या मते मोजमाप शिकवणं वेगळं आणि होडी बांधणं वेगळं. बघता बघता होडी पोरकी झाली.

नावाडीण सुतारापाशी गेली. "तू तरी बसतोस का लेकीला घेऊन?"

"आज नाही, मावशी," सुतार म्हणाला. "बुडाची तिसरी फळी ओल्या लाकडाची आहे. पाटलांनी घाई केली, सुकू दिली नाही. पण फट पडली ती राळ भरून झाकली मीच. चूक माझी आहे. आठ दिवस द्या, फळी बदलतो, मग बसतो."

पाटील भडकले. दुसऱ्याच दिवशी दरबारचे अधिकारी यायचे होते, हारसुद्धा सांगून ठेवले होते. नावाडिणीने तिकडे लक्षच दिलं नाही. तिने वाकून राळ खरवडली, तर फटीत बोटाचं अख्खं पेर आत गेलं. बारा पोरांची तोंडं तिच्या डोळ्यांपुढे आली.

आठ दिवसांनी सुतार लेकीला मांडीवर घेऊन होडीत बसला. डोहापर्यंत जाऊन होडी परत आली. पाटील, शेटजी आणि गुरुजी काठावर हजर होतेच, येताना रंगारीही घेऊन आले होते.

"सुताराचं नाव लिही," नावाडीण रंगाऱ्याला म्हणाली.

एवढं बोलून तिने बुडावर तीनदा हात फिरवला. कोरडं होतं. मगच तिने पोरांना हाक मारली.

तात्पर्य काय, तर कामातली चूक जो आपल्या अंगावर घेतो, त्या कामाचं श्रेय त्याच्याच पदरात घालावं.