राणीचे मासे आणि माळ्याचे शिंपले

फार पूर्वी एका राजवाड्याच्या चौकात काळ्या दगडाचा हौद होता. त्याची देखरेख एका माळ्याकडे होती. या माळ्याने समुद्रावरून गाडीभर पांढरेशुभ्र शिंपले आणून हौदाच्या तळाशी अंथरले होते. पाहुणे यायचे, वाकून बघायचे, तोंडभर कौतुक करायचे. राजाने खूश होऊन माळ्याला चांदीचं कडं दिलं होतं. ते सगळ्यांना दिसावं म्हणून माळी भर थंडीतही बाह्या वर सारून हिंडायचा.

त्या हौदात राणीचे मासे होते. लग्न होऊन येताना तिने ते माहेरच्या रानातल्या ओढ्यातून आणले होते. नखाएवढे मासे, अंगावर एक तांबडी रेघ. राणीच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. माहेरचं म्हणून काय ते हे मासेच. पण हौदात ते अंडी घालीनात. म्हातारे होऊन एकेक मरत गेले आणि शंभराचे अकरा राहिले. राणीने विचारलं, तर माळी म्हणाला की पाणी आरशासारखं स्वच्छ आहे, माशांच्याच मनात नसेल तर मी काय करणार.

राणीबरोबर माहेरून आलेली एक म्हातारी दाई होती. तिने हौदातलं तांब्याभर पाणी नेलं आणि त्यात तुरीची डाळ शिजत घातली. दुपार टळली तरी डाळ टणक ती टणकच. मग तिने माळ्याला समजावलं की हे पाणी जड आहे. ओढ्यात पानं पडून कुजतात, तिथलं पाणी हलकं आणि किंचित आंबूस असतं. तसं पाणी मिळाल्याशिवाय हे मासे अंडी घालायचे नाहीत.

आंबूसच हवं ना, म्हणून माळ्याने टोपलीभर लिंबं हौदात पिळली. सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते. चार दिवसांनी पाणी चाखलं, तर आंबटपणा पार गेलेला. आता मात्र माळी गोंधळला.

दाईने वाटीत लिंबू पिळलं आणि त्यात एक शिंपला टाकला. शिंपल्याभोवती बारीक फेस आला.

"आंबट कोण खातंय ते बघ," ती म्हणाली. "हे तळाशी आहेत तोवर काहीही घाल, पाणी होतं तसंच होईल."

माळ्याला पटलं, पण शिंपले काढायचे म्हणताच त्याचा हात मनगटातल्या कड्याकडे गेला. त्याने बदामाच्या झाडाची वाळकी पानं आणली आणि शिंपले झाकले जाऊ नयेत अशी कडेकडेने सोडली. पाणी जरासं पिवळं झालं, एवढंच. महिनाभरात आणखी चार मासे गेले.

एका सकाळी राणी हौदाच्या काठावर बसली होती. ती रागावली नाही.

"पाच आहेत ना अजून?" तिने विचारलं. "मला चारच दिसतात."

माळी वाकून शोधू लागला. पाचवा मासा एका मोठ्या शिंपल्याआड होता. माळ्याला स्वतःची फार लाज वाटली.

त्याच दिवशी तो हौदात उतरला आणि टोपल्या भरभरून सगळे शिंपले बाहेर काढले. रांजणांत पावसाचं पाणी साठवलेलं होतं. रोज चार घागरी जुनं पाणी काढायचं आणि चार घागरी पावसाचं घालायचं, असं त्याने ठरवलं. लिंबांची घाई त्याच्या चांगलीच लक्षात होती. तळाशी बदामाची पानं पसरली. हळूहळू पाणी काढ्यासारखं तपकिरी झालं.

पाहुणे आता नाकं मुरडू लागले. माळी आळशी झाला, असं एका सरदाराने राजाच्या कानावर घातलं. राजाने कडं परत मागितलं. माळ्याने ते काढून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार घागरी बदलल्या.

पुढे एकदा पान उचलताना त्याला काहीतरी हललेलं दिसलं. केसाएवढी पिल्लं होती, मोजता येणार नाहीत इतकी. त्याने राणीला बोलावलं. राणीने ओंजळीत पाणी घेतलं, त्याचा वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"आमच्या ओढ्याचा वास आहे," ती म्हणाली.

राजाने कडं परत पाठवलं. माळ्याने ते हातात घातलं, पण हौदातून वर आला की आता तो बाही मनगटापर्यंत ओढून घ्यायचा.

तात्पर्य: ज्याला जगवायचं आहे त्याला काय हवं ते आधी पाहावं, आपल्याला काय मिरवायचं आहे ते मागून.